कढत पाण्यात धुतलेला स्पंज

सकाळी सासऱ्यांची हाक ऐकून सून डबा भरायचा सोडून हॉलमध्ये आली. काचेच्या टाकीतलं पाणी ताकासारखं पांढुरकं झालं होतं. तीन मासे मरून तरंगत होते आणि उरलेले पाच वर येऊन धापा टाकत होते.

"सगळं पाणी ओतून टाकतो," म्हणत सासऱ्यांनी बादली उचलली.

"थांबा बाबा, सगळं पाणी एकदम बदललं तर माशांना सोसणार नाही, हेही हातचे जातील." सून पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. "टाकीला कुणी काही केलं का?"

सासूबाई पुढे झाल्या. "मी केलं गं. फिल्टरचा स्पंज अगदी कळकट झाला होता. परवा कढत पाण्यात घालून खसाखसा धुतला."

"आई, पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू त्या कळकटातच राहतात. ते मेले आणि माशांची घाण पाण्यात साचून विषारी झाली. तुम्हाला हे कुणी सांगितलंच नव्हतं."

तिने पाव टाकी पाणी काढलं, क्लोरीन घालवणारे थेंब टाकलेलं पाणी सावकाश भरलं, हवेचा पंप वाढवला आणि माशांचं खाणं बंद केलं. रोज असंच करायचं, असं बजावून ती कामावर गेली.

दुसऱ्या दिवशी आणखी एक मासा गेला. सासरे हिरमुसले, पण पाणी बदलत राहिले. आठवड्याभरात टाकी नितळ झाली. चार मासे वाचले.

त्या संध्याकाळी सासूबाई चष्मा लावून सुनेजवळ येऊन बसल्या.

"पाणी कसं तपासतात, ते मला शिकव," त्या म्हणाल्या.