पाच अंशांचा फरक

सकाळी आठला मी एल्बोंचा, म्हणजे यंत्रातल्या तेलाच्या नळ्या काटकोनात जोडणाऱ्या वाकड्या जोडांचा, डबा टेबलावर पालथा केला. बारांतले अकरा उरले होते. बारावा आदल्या दिवशी मीच सहाव्या काकांच्या हार्वेस्टरला बसवून दिला होता; आमच्याकडे माणसांना भावंडांतल्या क्रमानेच हाक मारतात.

डबा धाकट्या दिराने सायगॉनच्या भंगारबाजारातून आणला होता. निवडून ठेवावे म्हणून मी एक एल्बो उचलला, त्याच्या आट्यांवर आटे तपासायच्या थ्रेड गेजची पंचावन्न अंशांची पाती टेकवली आणि खिडकीकडे धरली. आमच्याकडची सगळी यंत्रे जपानहून वापरून आलेली. त्यांना हीच पाती लागते. आट्यांच्या टोकांशी उजेडाच्या बारीक फटी दिसल्या. मग साठ अंशांची पाती लावली. उजेड बंद झाला.

उरलेले दहाही तसेच निघाले. सगळे अमेरिकन आट्यांचे.

अर्ध्या इंचाच्या मापात ही गफलत सहज होते. दोन्हींना इंचाला चौदाच आटे. बाहेरच्या व्यासात अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी फरक, त्यामुळे आमच्या कालव्याकाठची दुकाने दोन्हींना, एकवीस मिलिमीटरचे म्हणून, 'एकवीस'च म्हणतात. एल्बो हाताने तीन फेरे आत गेला की तो बसला असे धरायचे, ही माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासूनची पद्धत. पुढे पांढरी टेप आणि पाना. चुकीचा एल्बोसुद्धा तीन फेरे जातो. पण आट्यांच्या बाजू एकमेकींना टेकत नाहीत. सगळा भार दोन-चार टोकांवर येतो.

हे मला ठाऊक होते. मी भौतिकशास्त्र शिकले आहे, लग्नाआधी कांथो शहरात पंपांच्या कंपनीच्या चाचणीघरात सहा वर्षे काम केले आहे. पण काल काउंटरपाशी तीन माणसे उभी होती, हार्वेस्टर चढवलेल्या काकांच्या नावेचे इंजिन दारात चालू होते, आणि मी फक्त व्हर्नियर लावला. एकवीस. तीन फेरे. टेप.

काकांना फोन केला. वाजत राहिला. हार्वेस्टरवर बसलेल्या माणसाला फोन ऐकू येत नाही. मी दुकानाला कडी घातली, जुन्या साठ्यातला पंचावन्न अंशांचा एल्बो खिशात टाकला आणि मोटारसायकल काढली. फेरीबोटीवर एक बदकवाला वीस टोपल्या चढवत होता, त्यात आणखी वेळ गेला.

काका भाड्याने कापून देत होते ते शेत कालव्याला लागूनच होते. व्यापाऱ्याची नाव काठाला उभी होती. ओहोटीने पाणी उतरायच्या आत ती भरायची होती. भात जास्त पिकून झडायला लागले होते. बांधावर सहावी काकू पोत्यांची तोंडे शिवत बसली होती.

"अगं लुआ! बारा किलोमीटर उन्हातून आलीस ती काय आमची आठवण येऊन?"

"काकू, यंत्र थांबवायला सांगा. कालचा एल्बो चुकीचा गेलाय."

"थांबवायला? नाववाला सकाळपासून माझ्याकडं असा बघतोय, जसं काही मीच ओहोटी आणते."

मी हात हलवत पिकात शिरले. काकांनी यंत्र उभे केले, पण इंजिन बंद केले नाही. कापणीचा पुढचा भाग त्यांनी पूर्ण वर उचलला, मला दाखवायला.

"बघ. थेंब नाही. सकाळी जरा पाझरला होता, मी अर्धा फेरा आवळला, झालं."

"काका, आवळलात? पुढचा भाग खाली टेकवा आधी. इंजिन बंद करा. आवळल्यानं तडा जातो."

"तडा गेला तर दिसेल की! शिकलेली माणसं यंत्रापेक्षा जास्त घाबरतात." ते खाली उतरले. "ये, तुझ्या समाधानासाठी पुसून दाखवतो."

मी त्यांच्या पलीकडे बघत होते. उन्हात एल्बोच्या मुळाशी केसाएवढी रेघ चमकली. ओघळ नव्हे, दाबाने फुटणारे तेलाचे धुके.

"हात नको!"

काकांचा उजवा अंगठा तोवर एल्बोखालून फिरला होता. त्यांनी झटक्यात हात मागे घेतला.

"काटा लागला वाटतं." त्यांनी अंगठा बघितला आणि हसले. "डास चावल्याएवढंही नाही."

अंगठ्याच्या पेरावर एक लाल ठिपका होता. रक्त नव्हते. मी घड्याळ बघितले. दहा वाजून वीस मिनिटे.

चाचणीघरात माझ्याबरोबरच्या एका माणसाला असाच ठिपका पडला होता. दुखत नाही म्हणून तो दोन दिवस घरी राहिला. तिसऱ्या दिवशी त्याची दोन बोटे काढावी लागली. ठिपका लहान असतो, कारण तेलाला आत शिरायला तेवढीच वाट पुरते. आत ते शिरांच्या बाजूने पसरत जाते आणि मांस कुजवते.

मी हे सगळे सांगितले. काकांनी खिशातून दुखण्यावर चोळायच्या हिरव्या तेलाची बाटली काढून ठिपक्यावर दोन थेंब चोळले.

"उतरेल संध्याकाळपर्यंत. शेताचे दोन तुकडे राहिलेत. ते झाले की जाऊ तुझ्या दवाखान्यात."

"संध्याकाळी उशीर होईल. आता जायचं. मोठ्या इस्पितळात, चीर देऊन धुवायला."

"डासाला चीर!" काकू बांधावरून ओरडली. "आमच्या ह्यांना विंचू चावला होता तेव्हा ह्यांनी दोन वाट्या भात जास्त खाल्ला."

पोती वाहणारे दोघे हसले. शेतमालकही जवळ आला होता. काका माझ्याकडे झुकले आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"पोरी, हळू बोल. मी इस्पितळात गेलो की अख्खा कालवा विचारणार कशानं झालं. तुझ्या सासऱ्यानं तीस वर्षं ते दुकान सांभाळलं. एका एल्बोपायी नाव घालवू नकोस. मी कुणाला काही सांगत नाही. जा, घरी जा."

मग मला कळले की ते भातासाठी इस्पितळ टाळत नव्हते, निदान फक्त भातासाठी नव्हते. मी कधी मोठ्याने बोलत नाही. शाळेतही शेवटच्या बाकावरून उत्तर द्यायची वेळ आली की माझा आवाज चिरकायचा. तेव्हाही चिरकला.

"ऐका सगळे! एल्बो माझ्या दुकानातला आहे. आटे चुकीचे होते. मी तपासले नाहीत. मीच बसवला. काकांच्या अंगठ्यात तेल गेलंय ते माझ्यामुळं. हे यंत्र आता चालणार नाही."

शेतमालकाने टोपी काढून मांडीवर आपटली. "मग माझं भात? नाव काय उद्यापर्यंत उभी राहणार?"

"दुसरं यंत्र बोलवा."

"बघा, शिकलेल्या बाईचं दुकान," पोतेवाल्यांपैकी एक म्हणाला.

काकांनी माझ्याकडे बघितले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लाज वाटली. मग त्यांनी वर चढून पुढचा भाग खाली टेकवला आणि इंजिन बंद केले.

"झालं. आता झाकायचं काय राहिलं," ते म्हणाले.

काकू तोवर जवळ आली होती. तिने त्यांचा अंगठा धरून दाबला. पेर पांढरट आणि ताठ झाले होते. "दुखतंय?" तिने विचारले. "नाही," ते म्हणाले. तिने आणखी जोरात दाबले. "आता?" "नाही म्हटलं ना." तिने हातातला सुया-दोऱ्याचा डबा तिथेच टाकला, काकांना मोटारसायकलवर माझ्या मागे बसवले आणि त्यांच्या मागे स्वतः चढून बसली.

फेरीबोटीवर मी पावतीच्या पाठीमागे लिहिले: वेळ १०.२०. हायड्रॉलिक तेल, प्रत शेहेचाळीस. दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एकशे चाळीस किलो. उजवा अंगठा, पहिले पेर. चोळले: हिरवे तेल.

इस्पितळात तरुण डॉक्टरने ठिपका बघितला, धनुर्वाताचे इंजेक्शन लिहून दिले आणि पुढच्या माणसाला हाक मारली. मी कागद त्याच्यापुढे ठेवला आणि हलले नाही. त्याने तो वाचला. पुन्हा वाचला. "एकशे चाळीस?" म्हणाला आणि खुर्ची मागे सारून फोनकडे गेला.

साडेबाराला त्यांना आत नेले. अंगठ्याच्या टोकापासून मनगटापर्यंत उघडले. आतून तेल निघाले, मनगटाच्या अलीकडे थांबलेले. वेळेत आणलेत, असे मोठ्या डॉक्टरांनी सांगितले. मग असेही सांगितले की अंगठा राहील असे वाटते, पण तो किती कामाचा राहील ते आज सांगता येणार नाही. जखम उघडीच ठेवायची, परवा पुन्हा धुवायची.

मी काकूजवळ बाकावर बसले. ती भिंतीकडे बघून बोलली.

"तू आली नसतीस तर हे इथं आलेच नसते. आणि तू नसतीस तर यायची पाळीच आली नसती. लुआ, मला दोन्ही एकदम नाही झेपत. जरा लांब बस."

मी समोरच्या बाकावर जाऊन बसले. थोड्या वेळाने तिने पिशवीतला अर्धा पाव माझ्यापुढे धरला.

तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा जखम दुसऱ्यांदा धुऊन झाली होती. काकांचा हात उशीवर होता, पट्ट्यांतून फक्त अंगठ्याचे टोक बाहेर दिसत होते, मेणासारखे. डॉक्टर सुई घेऊन आले.

"टोचल्यावर कळलं की सांगा."

काकांनी आधी माझ्याकडे बघितले. मग काकूकडे.

"हो," ते म्हणाले. "कळलं. चांगलं कळलं."

सुई अजून अंगठ्यापासून बोटभर लांब होती.

काकू खिडकीकडे वळली. डॉक्टरांनी सुई खाली घेतली आणि शांतपणे म्हणाले, "काका, आता डोळे मिटा."

त्यांनी मिटले. मी पलंगाच्या कडेला उभी राहून सुईच्या टोकाकडे बघत राहिले. ते कातडीला टेकले, कातडी जरा दबली, आणि काकांचा चेहरा तसाच, वाट बघणारा राहिला.