मांजर माळ्यावर चढते तेव्हा

मढच्या कोळीवाड्यात मांजरीला हुसकायची कुणाची टाप नाही. मासळी उतरली की पहिला बोंबील तिचा, गिऱ्हाइकं मागाहून. कारण सगळ्यांना पाठ आहे: चाळीस वर्षांपूर्वी काशीराम तांडेलाच्या मांजरीने सकाळी सकाळी पिल्लं माळ्यावर हलवली, म्हणून त्याने बोट काढली नाही, त्याचं बघून कुणीच काढली नाही, आणि दुपारी असं वादळ उठलं की निम्म्या घरांची छपरं उडाली. तेव्हापासून मांजर माळ्यावर चढली तर बोटी बंद, खाली असली तर खुशाल निघा.

काशीराम जाऊन बारा वर्षं झाली. आता बोट त्याचा मुलगा बळवंत हाकतो, खलाशांचा तांडेल तोच, आणि घरातली मांजर त्या मांजरीची कितवी पणती, देव जाणे.

ऑक्टोबरातल्या त्या सकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर वादळी वाऱ्याचा इशारा आला होता. मांजर मात्र ओटीवर जाळ्याच्या ढिगात पिल्लांना पाजत निवांत पडली होती. बोटीत बर्फ भरून झाला होता, खलाशी बंदरावर खोळंबले होते, आणि बाकीच्या बोटीही बळवंतकडे डोळे लावून होत्या.

"मांजर खालीच हाय. निघतो," बळवंत म्हणाला.

पण निघाला नाही. सकाळपासून तिसऱ्यांदा तो मांजरीपुढे उकिडवा बसला. त्याची आई वनमाला दारातून बघत होती. पोराला जायचं नाही, हे तिने ओळखलं. पण तसं म्हणायला त्याची जीभ रेटत नव्हती. मांजरीने उठावं आणि आपली सुटका करावी, एवढंच तो मागत होता. ती बया काही उठेना.

वनमालेने आयुष्यभर एक गोष्ट पोटात ठेवली होती. बोलावं, तर नवऱ्याचं नाव जाणार. न बोलावं, तर हा एका झोपाळू मांजरीच्या भरवशावर समुद्रात जाणार.

"बळवंत, तवा ती मांजर आपणहून नव्हती चढली. पिल्लं मी नेली. पदरात घेऊन."

"काय बोलतंस, आये?"

"आदल्या फेरीला लाटेनं तुझा बापूस पाण्यात पडला होता. त्याला धडकी बसली होती. तांडेल माणूस, खलाशांना कसा सांगेल?"

बळवंत ताडकन उठला. "बापाला फसवलंस तू? सगल्या गावाला?"

"गावाला, हो. त्याला नाय. शिडी त्यानंच धरली होती."

"मग वादळ?"

"ते आपलं आपण आलं. आमीच जास्त घाबरलो. लोक नारळ घेऊन मांजरीच्या पाया पडाया आले, तवा खरं सांगायला तोंड उरलं नाय."

बळवंत ओटीच्या कडेला टेकला. बाप कशालाच भीत नव्हता, हे ऐकतच तो मोठा झाला होता. आईने बापाला लहान केलं म्हणून राग यावा, तर तसा आला नाही. उलट बाप एवढा जवळचा त्याला कधी वाटला नव्हता.

फोन वाजला. बंदरावरून हितेश, त्याचा सगळ्यात जुना खलाशी.

"तांडेल, मांजर काय बोलते?"

"मांजरीचं सोड," बळवंत म्हणाला. "मना भीती वाटते. आज बोट नाय काढायची."

 पलीकडून हितेशचा आवाज आला, अगदी हळू.

"मना पन, तांडेल."