मागून म्हणणारी बाई

कुंताबाईंना अलीकडे कमी ऐकू यायचं, पण भाताच्या रोवणीची गाणी सगळी तोंडपाठ होती. सिंदेवाहीकडच्या गावाहून त्या आठ दिवसांसाठी ऊर्जानगरला लेकीकडे आल्या, तेव्हा रुपालीने ठरवलं, आता ही गाणी रेकॉर्ड करून घ्यायचीच. ती एका शाळेत संगणक शिकवायची. लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स होतं, माइक एका मैत्रिणीने दिला. आईला स्वतःचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून तिने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले.

पहिल्याच ओळीला कुंताबाई अडखळल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबल्या.

"काय झालं, माय?"

"माझ्या मांगून कोनी म्हणून राह्यलं. तिच्यासाठी थांबाव लागते."

रुपालीच्या लक्षात आलं. आवाज लॅपटॉपमधून फिरून कानाशी पोचायला उशीर होत होता. पापणी लवण्याइतकाच, पण ताल मोडायला तेवढा पुरे. तिने सेटिंग बदलून तो कमी केला, तर आवाजात तडतड सुरू झाली. अडचण कर्नलची होती. कोणतं काम आधी हाती घ्यायचं ते ठरवणारा हा लिनक्सचा गाभा, आणि तिचा नेहमीचा कर्नल आवाजासाठी बाकीची कामं लगेच बाजूला सारत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सगळ्यांत कडक, रिअल-टाइम कर्नल घालून पाहिला. त्यावर स्क्रीनच काळी राहिली. मग मधला, लो-लेटन्सीचा म्हणजे कमी उशिराचा घातला. लॅपटॉप नीट सुरू झाला, तडतड गेली, उशीरही जाणवेना.

कुंताबाईंनी एक गाणं न थांबता म्हटलं. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"किती छान झालं, माय."

"झालं. पन ते मांगची बाई कुठी गेली?"

"तो तुझाच आवाज होता. उशिरा येत होता."

"मालूम आहे मले. मी येडी नाई." त्या हसल्या. मग हेडफोनवरून बोट फिरवत म्हणाल्या, "भागरथा अशीच म्हणे. माझं संपाच्या आधी उचले. चालीस रोवणे केले आमी सोबत. तिले जाऊन तीन वर्षं झाली. काल वाटलं, आली."

रुपालीने स्क्रीनकडे पाहिलं. जुना कर्नल अजून लॅपटॉपवर होता. सुरू करताना यादीतून तो निवडला की उशीर परत आला असता. तिने लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला, यादी समोर आली, आणि तिचं बोट थांबलं. थोड्या वेळाने तिने लो-लेटन्सीच निवडला, रेकॉर्डिंग लावलं आणि खुर्ची आईच्या शेजारी ओढली.

"मांगून मी म्हणू का?"

"तुले येते?"

"नाई येत." शिक्षणापायी वसतिगृहात वाढलेली रुपाली रोवणीला कधी भाताच्या बांधीत उतरलीच नव्हती. हे सांगताना तिला लाज वाटली. "तू शिकव."

कुंताबाईंनी एक ओळ सांगितली, तिने ती म्हटली. तीन ओळींत ती चारदा चुकली. दर वेळी आई हात वर करून थांबवायची, शब्द सांगायची आणि पुन्हा पहिल्यापासून. रेकॉर्डिंग चालूच होतं. दुपार होता होता दोघींचे आवाज एकदाचे जुळले.

"आता बरोबर," कुंताबाई म्हणाल्या, आणि दम न घेता त्यांनी पुढचं गाणं धरलं.