पंधरा पावलांवरचा सदरा

…बटण दिसतंय. हाडाचं, पिवळट, कडेला टवका उडालेलं. पलीकडे आगटीपाशी म्हाताऱ्या पेरिनच्या हातात सदरा आहे, सदऱ्याच्या गळ्याशी ते बटण आहे, आणि इथे, पंधरा पावलांवर, गालिच्याच्या मधोमध थिबो नागडा उभा आहे — देवाच्या कृपेने राजा, वय वर्षं बावीस, पायाची बोटं निळी पडलेली.

राजाने स्वतःच्या कपड्यांना हात लावायचा नसतो. सदरा पेरिनकडून खानगीच्या कारभाऱ्याकडे, कारभाऱ्याकडून काउंटकडे, आणि मग खोलीतल्या सगळ्यांत थोर माणसाच्या हातात जायचा, त्याने तो राजाच्या डोक्यावरून चढवायचा. तोवर राजाशी बोलायचा हक्क त्या एकट्यालाच. हा थोर माणूस म्हणजे ड्यूक रेनो — रेनोकाका. हातमोज्यांनी राजाच्या सदऱ्याला शिवायचं नाही, म्हणून काका आधी हातमोजे काढतो… एकेक बोट ओढत, अगदी फुरसतीत. दहा बोटं! अकरा वर्षं रोज सकाळी दहा बोटं, आणि तेवढ्या वेळात या राज्याचा कारभार उरकला — एक डावी करंगळी सुटेस्तोवर आईला डोंगरातल्या किल्ल्यात धाडायचं ठरलं, ती परत आलीच नाही. "कबूल म्हण बाळ, की लगेच सदरा घालतो." मी अकरा वर्षांचा होतो, दात कडकडा वाजत होते, मी म्हणालो कबूल… मी नाही, दात म्हणाले, असं नंतर कितीदा मनाला समजावलं. पण म्हटलं ते म्हटलंच.

आणि आज ऑद.

धाकटी बहीण. खाली चौकात गाडी जुंपून उभी आहे, घोडे फरशीवर खूर आपटताहेत, ते इथवर ऐकू येतंय. मठात पाठवायचंय तिला, कायमचं. ऑदला! जी जेवताना अशी खदखदून हसते की सार नाकात जातं. काल दुपारी ताटावर तिने विचारलं होतं, "दादा, तू नाही म्हणशील?" तो नासपती सोलल्यासारखं करत राहिला. मग तीच म्हणाली, "जाऊ दे. तुझे दात वाजतील." हसत म्हणाली, तेच जास्त लागलं.

"आज एवढंच," काका उजव्या हाताचा अंगठा सोडवत हळूच म्हणाला. "पोरगी सुखात राहील. देवाच्या दारी कोण दुःखी असतं?"

"तिला विचारलंत?"

"मेंढराला विचारून लोकर कातरतात का, बाळ?"

मागे काउंट खोकला. हसू दाबण्याचा त्याचा खोकला थिबोला पाठ होता.

तर्जनी… मधलं बोट… आणि थिबो मात्र पेरिनकडे बघत होता. म्हातारा सदरा आगटीवर धरून शेकत होता, इकडून, मग उलटून तिकडून, भाकरी शेकावी तसा. रोज शेकतो. का शेकतो हा? तीन हातांतून फिरून इथे येईस्तोवर तो मढ्यासारखा गार पडलेला असतो, ते याला काय ठाऊक नाही? तरी अकरा वर्षांत एक दिवस चुकला नाही थेरडा. माझ्यासाठी! — आणि मी आपला गालिच्यावर उभा, कुणीतरी आणून देईल म्हणून…

त्याने गालिच्याबाहेर पाऊल टाकलं.

फरशी बर्फ होती. नागड्या राजाला मुजरा करावा की पाठ फिरवावी, कुणालाच ठाऊक नव्हतं, रिवाजात ते कुठे सांगितलेलंच नव्हतं, त्यामुळे कारभारी अर्धा वाकून तसाच राहिला.

"अहो महाराज, इकडे कुठे? पडसं होईल!" पेरिन घाबरला.

"दे."

"माझ्या हातून? डोकं उडवतील माझं."

"आधी माझं उडवावं लागेल. दे म्हणतो ना!"

सदरा हातात आला. आणि घालायचा कसा? बावीस वर्षांत ही वेळच आली नव्हती. डोकं बाहीत शिरलं, अडकलं, आत अंधार, धुराचा वास, आणि त्या अंधारात त्याला हसू फुटलं, ऑदसारखं, नाकातून. शेवटी धडपडत डोकं बाहेर आलं.

"नाही," तो म्हणाला. दात वाजले नाहीत. पुन्हा म्हणून पाहिलं, मोठ्याने, "नाही! गाडीचे घोडे सोडा. ऑद कुठेही जाणार नाही."

काका एक हातमोजा अर्धवट काढून उभा होता. तो घालावा की काढावा, त्याला कळेना.

"महाराज," काका म्हणाला — बाळ नाही, महाराज! — "सदरा मागचा पुढे झालाय."

"माझा मी घातलाय. असू दे."

फौज काकाची आहे, वेशीच्या किल्ल्या काकाकडे आहेत, उद्या सकाळी काय होईल ते थिबोला कळत नव्हतं असं नाही. खाली घोडे अजून खूर आपटत होते… सोडताहेत की हाकताहेत? तो कान देऊन ऐकत राहिला. सोडले नसतील तर मी स्वतः खाली जाईन, असाच, अनवाणी. गळा पुढून काचत होता, टवका उडालेलं ते बटण मानेला टोचत होतं, आणि छातीवर, पाठीवर, पोटावर सदरा ऊन होता. ऊन! म्हणजे तो रोजच ऊन असायचा. अकरा वर्षं, पंधरा पावलांवर.