चार ते पाचचा तास

घरात तिला सगळे भोंगा म्हणत. नाव दादाने पाडलेलं. पण चर्चमध्ये ती प्रार्थनेला उभी राहिली की मागच्या बाकावर डुलक्या काढणारे आजोबासुद्धा ताठ बसत, हेही तितकंच खरं. त्यामुळे चर्चची वायरिंग सांभाळणारे इलेक्ट्रिशियनकाका शिडीवरून पडून बेशुद्ध झाले आणि पाळकांनी प्रार्थनेची साखळी लावली, तेव्हा पहिला हात तिचाच वर गेला.

साखळी म्हणजे काय, तर एकेकाने दिवसातला एकेक तास घ्यायचा, घरी बसून काकांसाठी प्रार्थना करायची आणि तास संपला की पुढच्याला फोन करायचा. चार ते पाच तिचा, पाचनंतर शिंपीणकाकूंचा.

शनिवारी चारला ती दार लावून बसली. 'हे प्रभू' एवढं म्हणाली आणि मनात आलं, उद्याच्या उपासनेत काकांसाठी मोठ्याने प्रार्थना मलाच करायचीय, जरा शब्द जुळवून घेऊ. झालं, गाडी घसरली ती घसरलीच. ती आरशासमोर उभी राहिली. 'तुझ्या लेकराला उठव' इथे आवाज चढवावा की उतरवावा? मिटल्या डोळ्यांनी आपण कशा दिसतो, हे तिने एक डोळा किलकिला करून पाहिलं. छानच दिसत होती.

बघता बघता पाच वाजले. तिने फोन लावला.

"काकू, माझा तास झाला."

"मन लागलं का गं? माझं मेलं शिलाईकडेच पळतं."

"लागलं की. अगदी मनापासून केली."

रविवारी तिची प्रार्थना अशी काही रंगली की 'आमेन'ने छप्पर दणाणलं. बाहेर पडताना पायरीवर काकांच्या बायकोने, मावशींनी, तिला गाठलं. त्या हॉस्पिटलमधून तशाच आल्या होत्या, केससुद्धा विंचरलेले नव्हते. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले.

"काल साडेचारला यांनी डोळे उघडले. अजून बोलत नाहीत, पण उघडले. तुझ्या तासाला, पोरी."

आजूबाजूच्या माना वळल्या. आईचा चेहरा फुलला. दादाला टोमणा सुचेना.

"देवाची कृपा," ती म्हणाली, तेही आरशासमोरच्याच आवाजात. स्वतःच्या कानांवर तो आवाज पडला आणि ती चपापली. देवाने तिच्यावाचून काम उरकलं होतं, आणि ती मात्र मानकऱ्यासारखी मिरवत होती. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण धरणी कुठली ऐकतेय.

मावशी फाटकापर्यंत गेल्या होत्या. गप्प बसलं असतं तर कुणाला कळणार होतं? ती त्यांच्यामागे धावली आणि त्यांचा हात धरला.

"मावशी, मी काल प्रार्थना केलीच नाही. आज कशी करायची त्याची तालीम केली. आरशात बघून."

मावशींनी हात काढून घेतला.

"म्हणजे चारला त्यांच्यासाठी कुणीच बसलं नव्हतं."

"नव्हतं."

त्यांनी रागावायला हवं होतं, एक ठेवून द्यायला हवी होती. तिला ते परवडलं असतं.

"मी तर वाट बघत होते, कधी चार वाजतात," मावशी म्हणाल्या. "म्हटलं, आता पोरगी बसेल, मी जरा पाठ टेकते." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आजचा तास कुणाला देऊ?"

"मलाच द्या," ती पुटपुटली. तोंड वर करायची सोय नव्हती.

"मग तिथे येऊन बस. माझ्या डोळ्यांसमोर."

चारला ती काकांच्या खाटेशी स्टुलावर बसली. कालचे सगळे घोटीव शब्द जिभेवर तयार होते, तिला त्यांचीच लाज वाटली. "प्रभू, काकांना बरं कर," ती हळूच म्हणाली. पुढे काही सुचेना. मग आपण किती खऱ्या, येऊन कबूल केलं, असा विचार डोकावला. हा बघा, पुन्हा आरसा. तिने मान खाली घातली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मन पुन्हा निसटलं. तिने त्याला पुन्हा ओढून आणलं. पाच वाजायला अजून पुष्कळ अवकाश होता.