तुळशीरामच्या हॉटेलात

पल्लवीचा फोन आला तेव्हा करुणा नुकतीच शाळेतून येऊन ओसरीवर टेकली होती. शनिवार-रविवार पांढुर्ण्याला यायचं म्हणते, असं पल्लवी म्हणाली. मग थोडं थांबून, जरा चाचरत, तिनं पुढचं सांगितलं. घरी कुणी रांधायचे कष्ट घेऊ नयेत. प्रवीण जिथे जिथे आवडीनं जेवायचा, तिथे तिला जेवायचं होतं.

प्रवीण हा करुणाचा धाकटा भाऊ. हैदराबादला नोकरीला होता. गेल्या पावसाळ्यात डेंग्यूचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत तो गेला. पल्लवी त्याच्याच ऑफिसातली, नाशिककडची. दोघांनी लग्न करायचं ठरवलं होतं आणि दिवाळीत तो तिला गावी आणणार होता. त्याऐवजी घरच्यांनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते दवाखान्याच्या बाकावर, प्रवीणची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली.

आईला, सुशीलाबाईंना, हे हॉटेलचं काही रुचलं नाही. पोरगी पहिल्यांदा घरी येणार आणि तिला बाहेर जेवू घालायचं, म्हणजे काय? करुणानं समजावून पाहिलं, पण आई भाजी निवडत बसली. बाबा, उत्तमराव, रेल्वेतून रिटायर झालेले, ते तर तसेही वर्षभरात फारसं बोललेच नव्हते.

करुणा मात्र विचारात पडली. पाहुण्याला गावातलं काय खाऊ घालावं, हा प्रश्न तिच्यापुढे आजवर आलाच नव्हता. मोबाईलवर पाहिलं तर हायवेवरचे दोन ढाबे आणि एक नवीन एसी हॉटेल निघालं. तिथे जे पनीर मिळतं ते हैदराबादलाही मिळतं. त्यासाठी रात्रभर गाडीत बसून कुणी पांढुर्ण्याला येत नाही. तेव्हा तिनं भाऊ कुठे कुठे जायचा हे आठवायला सुरुवात केली. स्टेशनबाहेरचे तर्री पोहे, ते तर पहिले. कापूसबाजारामागचं सावजी मटण, पण ते बंद पडून आता तिथे मोबाईलचं दुकान झालं होतं. मग नदीपलीकडे सावरगावात प्रेमलताबाईंची खानावळ. घराच्या पडवीतच चार टेबलं टाकलेली, आणि थंडीत तिथलं वांग्याचं भरीत खायला नागपूरचेही लोक येत.

आणि सौसरला तुळशीरामचं हॉटेल. ते तिनं मनातून लगेच बाजूला सारलं.

त्या हॉटेलातला पाटोडी रस्सा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा झणझणीत रस्सा, सगळ्या तालुक्यात नावाजलेला. पण उत्तमराव त्याची पायरी चढत नसत, आणि घरातल्या कुणी चढावी हेही त्यांना चालत नसे. त्यांचं मूळ गाव रामाकोना. लहानपणी ते वडिलांबरोबर बैलगाडीतून कापूस घेऊन सौसरच्या बाजारात यायचे. तुळशीरामच्या हॉटेलात त्यांच्यासारख्यांचे कप वेगळे, बाहेरच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेले. कप आपणच घ्यायचा, वरून ओतलेला चहा उभ्यानं प्यायचा, आणि आपणच विसळून परत ठेवायचा. एकदा उत्तमच्या हातून कप निसटून फुटला. तुळशीरामनं भर बाजारात त्याच्या बापाच्या अंगावर उरलेला चहा फेकला. बाप पोराचा हात धरून गाडीकडे चालत गेला, बस. ही गोष्ट उत्तमरावांनी आपल्या लेकरांना एकदाच सांगितली होती.

तरी प्रवीण तिथे जायचा. कॉलेजची तीन वर्षं तो रामाकोन्याला काकाकडे राहून सौसरला शिकला, तेव्हाची सवय. करुणाला ते ठाऊक होतं. बाबांना तिनं कधी कळू दिलं नव्हतं.

शनिवारी सकाळी पल्लवी गाडीतून उतरली तेव्हा तिच्याजवळ एक लहानशी बॅग होती. स्टेशनबाहेरच त्यांनी पोहे घेतले. वर लालभडक तर्री, हरभऱ्याची उसळ, चिरलेला कांदा. पहिल्याच घासाला पल्लवीच्या डोळ्यांत पाणी आलं. करुणानं तिच्याकडे पाहायचं टाळलं. तिखटानं आलं म्हणावं तर तसंही होतं.

घरी आल्यावर तिनं बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींना हात जोडले, खालच्या फळीवर प्रवीणचा फोटो होता त्यापुढे थोडा वेळ उभी राहिली आणि मग आईच्या पायाशी वाकली. आईनं तिला वाकू दिलं नाही, जवळ ओढून घेतलं. काय हाक मारावी हे पल्लवीला सुचत नव्हतं. शेवटी प्रवीण मारायचा तीच तिनं मारली, आई आणि बाबा.

दुपारी दोघी सावरगावात गेल्या. प्रेमलताबाईंना सगळं ठाऊक होतं. त्यांनी काही विचारपूस केली नाही, फक्त पल्लवीचं ताट रिकामं होऊ दिलं नाही. ज्वारीची गरम भाकर, भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा. जेवण आटोपत आलं तेव्हा पल्लवी म्हणाली,

"आणि उद्या सौसरला ना? पाटोडीवालं हॉटेल. त्याबद्दल तो सगळ्यात जास्त बोलायचा."

करुणाच्या तोंडावर आलं होतं की ते बंद झालं. सावजीवालं खरंच बंद झालं होतं, त्याच सुरात हेही खपून गेलं असतं. पण समोर बसलेल्या पोरीशी खोटं बोलवलं नाही. पाहू, एवढंच ती म्हणाली.

संध्याकाळी चहाच्या वेळी पल्लवीनंच विषय काढला. तिला काय ठाऊक? सौसरला जायला बस किती वाजता असते, असं तिनं सरळ बाबांनाच विचारलं. कशासाठी, असं बाबांनी विचारलं आणि तिनं हॉटेलचं नाव सांगितलं. सुशीलाबाईंच्या हातातली किटली तशीच राहिली.

"प्रवीण तिथं जाये?" बाबांनी करुणाला विचारलं.

"जाये, बाबा. कॉलेजात होता तवापासून."

"तुले मालूम होतं?"

"होतं."

बाबांनी चहा संपवला. पेला खाली ठेवला. त्यांना राग आला आहे की आणखी काही, हे करुणाला कळेना. मग ते म्हणाले, "उद्या मीबी येतो."

त्यावर आईनं फक्त एकदा नवऱ्याकडे पाहिलं. पल्लवी गोंधळून गेली. मग आत नेऊन करुणानं तिला कपाची गोष्ट सांगितली. ऐकताना पल्लवीचा चेहरा उतरत गेला. प्रवीणनं तिला यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. रस्सा कसा असतो, वरून कच्चं तेल कसं घेतात, पाटोडी मोडायची कशी, सगळं सांगितलं होतं, आणि हे नाही.

"आपण नको जाऊया," ती म्हणाली.

"आता बाबा थांबत नाहीत," करुणा म्हणाली.

रविवारी सकाळच्या बसनं तिघं निघाले. गाडीत जामसांवलीच्या मारुतीला निघालेल्या भाविकांची गर्दी, नारळांच्या पिशव्या, लेकरं. दोन्हीकडे संत्र्यांचे बगीचे. बाबा खिडकीशी बसले होते. त्यांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता आणि सकाळी दाढीही केली होती. वर्षभरात त्यांना एवढं नीट आवरलेलं करुणानं पाहिलं नव्हतं. तिथे जाऊन ते काय करतील याचा तिला अंदाज येत नव्हता.

हॉटेल आता पूर्वीचं राहिलं नव्हतं. पुढची भिंत पाडून काच लावली होती, आत स्टीलची टेबलं, पंखे. कोनाडा कुठे होता हे बाबांना तरी सापडलं की नाही, कोण जाणे. ते रस्त्यावर क्षणभर थांबले. मग पायऱ्या चढून सरळ आत गेले आणि अगदी मधल्या टेबलाशी बसले.

गल्ल्यावर पन्नाशीचा माणूस होता. तुळशीराम जाऊन बरीच वर्षं झाली होती. हा त्याचा मुलगा गजानन. पाटोडीच्या थाळ्या त्यानं स्वतःच आणून ठेवल्या, आणि करुणाकडे पाहून थबकला. तुम्ही प्रवीणच्या बहीण का, तोंड अगदी तसंच आहे, असं म्हणाला. मग हसून विचारलं, "भाऊ दिसून नाही राहिला बऱ्याच दिवसांत. येणार होता तो."

पल्लवीनं करुणाकडे पाहिलं. बाबाच बोलले.

"तो वारला. मागच्या भादव्यात. मी त्याचा बाप."

गजानन उभ्याचा खाली बसला, शेजारच्या खुर्चीवर. मग त्यानं जे सांगितलं ते घरातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. कॉलेज सुटायच्या आधी एके दिवशी प्रवीणनं जेवून झाल्यावर त्याला आपल्या आजोबांची गोष्ट सांगितली होती, आवाज न चढवता. गजाननला तेव्हा ते नाकारता आलं नाही. बाहेरचे कप त्यानं लहानपणी डोळ्यांनी पाहिले होते. त्यानं एवढंच म्हटलं, की वडिलांना घेऊन ये. त्यानंतर प्रवीण गावी आला की एकदा तरी इथे यायचा, आणि शेवटच्या खेपेला म्हणाला होता, लग्न ठरतंय, दिवाळीत बाबांना आणि होणाऱ्या बायकोला घेऊनच येतो.

"मले त्यानं कधी इचारलं नाही," बाबा म्हणाले.

"हिंमत झाली नसन, काका."

"इचारलं असतं तं मी आलोच नसतो." बाबांनी थाळी जवळ ओढली. "तो असता, तं मी आज इथं नसतो."

गजाननानं हात जोडले. त्याच्या बापाच्या वतीनं तो काही म्हणू लागला, पण बाबांनी त्याला मध्येच थांबवलं.

"ते तुह्या बापानं म्हनाचं होतं, अन् माह्या बापाले म्हनाचं होतं. दोघंही नाहीत. तू रस्सा वाढ."

गजानन उठला आणि वाढू लागला. बाबांनी भाकर मोडली, पाटोडी रस्स्यात बुडवली आणि जेवू लागले. सावकाश, खाली मान घालून. पल्लवीही जेवू लागली. करुणा मात्र बाबांच्या हाताकडे पाहत राहिली. त्यांनी ताटातलं सगळं संपवलं, काही टाकलं नाही, आणि आणखी काही मागितलंही नाही. निघताना गजानन पैसे घेत नव्हता. आपण पाहुणे म्हणून आलो नाही, असं बाबांनी त्याला सांगितलं आणि नोटा गल्ल्यावर ठेवल्या. परत या, असं गजानन म्हणाला. त्यावर बाबा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

परतीच्या बसमध्ये बाबांना झोप लागली.

संध्याकाळी बाबा आणि करुणा पल्लवीला गाडीवर पोचवायला गेले. गाडी थोडी उशिरा होती. बाकावर बसल्याबसल्या पल्लवीनं करुणाचा हात हातात घेतला आणि एक गोष्ट सांगितली, जी तिला दोन दिवस सांगायची होती पण जमलं नव्हतं. तिच्या घरच्यांनी एक स्थळ पाहिलं होतं. तिनं अजून होकार दिला नव्हता. द्यावा असं मन म्हणत होतं, पण त्याआधी एकदा इथे येऊन जायचं होतं.

प्रवीणची आठवण काढायला आता घरचे तिघंच राहणार, असा एक विचार करुणाच्या मनात येऊन गेला आणि त्याची तिला लाजही वाटली. तिनं पल्लवीच्या पाठीवरून हात फिरवला.

"देऊन टाक होकार," ती म्हणाली. "अन् आम्हाले कळव."

गाडी आली, दोन मिनिटं थांबली आणि गेली. बाबा जरा अंतरावर उभे होते. त्यांच्या कानावर किती पडलं असेल हे करुणाला सांगता येईना. घराकडे चालताना तिनं विचारलं, की आईला हे आताच सांगावं की काही दिवसांनी. "मी सांगतो," बाबा म्हणाले.

त्यांनी ते जेवताना सांगितलं. आधी सौसरचं सगळं, गजानन काय म्हणाला तेही, आणि मग पल्लवीच्या स्थळाचं. एवढं सलग ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. सुशीलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पदरानं डोळे पुसले आणि तव्यावरची भाकर उलटवली.

"पोरगा काय करते?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं. "घरचे लोकं कसे हायेत?"

ते विचारायचं राहूनच गेलं, असं करुणा म्हणाली.

"मंग फोन लावून इचार," आई म्हणाली. "नीट पाहूनच होकार देजो म्हना पोरीले."