दोन वाटा आणि एक हात

मित्रांनो, टीव्हीशेजारच्या फळीवर, क्रोशाच्या निळ्या रुमालाखाली उकडत बसलेला एक जुना राउटर होता ना, तोच मी. माझा जन्म कारखान्यात झाला. शेकडो भावंडांबरोबर पट्ट्यावरून सरकत आलो, डोक्यावर दोन अँटेना बसवून घेतल्या आणि खोक्यात जाऊन बसलो.

या घरात आलो तेव्हा माझं फार कौतुक झालं. मुलगा छापखान्यात कामाला, सून चष्म्यांच्या दुकानात, आणि दिवसभर घरी त्याची आई. माझ्यावर धूळ बसू नये म्हणून आईंनी स्वतः तो रुमाल विणला. माझी हवा कोंडायची, पण इतक्या मायेने घातलेलं पांघरूण नको कसं म्हणायचं?

मग आईंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला. रोज व्यायाम केला नाही तर हात आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं. व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई सकाळी इंटरनेटवरून थेट वर्ग घेत. आई टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसत आणि बाई करतील तसं करत. हळूहळू हात खांद्यापर्यंत उचलला जाऊ लागला. बाईंचं चित्र आणून देणारा मी, त्यामुळे माझीही छाती फुगली.

आता थोडं शास्त्र ऐका, जांभया देऊ नका. पूर्वी आमच्या घरातून इंटरनेटकडे एकच वाट जायची. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला आपला पत्ता लागतो; त्या वाटेवरचे पत्ते संपत आले, म्हणून कंपनीने शेजारून नवी वाट काढली आणि मला दोन्ही वाटांच्या तोंडाशी उभं केलं. टीव्ही आधी नव्या वाटेनेच माल मागवू लागला. पण त्या वाटेवर एक कमान ठेंगणी होती. इंटरनेटवरची माहिती गाठोडी बांधून येते; लहान गाठोडी खालून सहज येत, व्हिडिओची मोठी गाठोडी तिथेच अडकत. अडकल्याचा निरोपही मागे जात नसे. पाठवणारा बराच वेळ वाट बघून गाठोडं लहान करी, तेव्हा कुठे चित्र हलायचं.

नेमका बाईंचा हात वर असताना चित्र थिजे. आईंना वाटे, हात धरून ठेवायचा व्यायाम आहे. त्याही धरून ठेवत. हात थरथरे, कपाळावर घाम येई, तरी खाली घेत नसत. मला ते बघवत नसे. माझे दिवे मात्र सगळे हिरवेगार, जणू सगळं ठीकच चाललंय.

"माझ्या मोबाइलवर तर वर्ग झकास दिसतो," मुलगा म्हणाला. "आई, तुझंच बोट रिमोटवर कुठेतरी पडत असणार."

शहाण्याचा मोबाइल सिमकार्डाच्या इंटरनेटवर चालत होता. माझ्या वाटा त्याने तपासल्याच नव्हत्या. मग मला बंद करायचं, चालू करायचं आणि वर एक चापट ठेवून द्यायची, हा त्याचा नेहमीचा इलाज.

चापटीचं मला काही नाही. पण आईंना त्याचं म्हणणं पटलं, याचं मला फार वाईट वाटलं. "या हाताचा आता भरवसा नाही," असं म्हणून त्यांनी एका सकाळी टीव्ही लावलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हात मांडीवर पडून राहिला.

सुट्टीच्या दिवशी सुनेने खुर्ची आणून शेजारी मांडली. "आज मी बसते तुमच्याबरोबर. रिमोट राहू दे माझ्याकडे."

दोघींनी हात वर केले आणि चित्र थिजलं. थोड्या वेळाने सुनेचा खांदा दुखू लागला. तिने शेजारी पाहिलं. सासूबाईंचा हात थरथरत वरच होता.

"आई, खाली घ्या हो. रोज असाच धरून ठेवता?"

"बाई कुठे खाली घेतायत?" आई म्हणाल्या.

सुनेचे डोळे भरून आले. रिमोटला तर कुणी हात लावला नव्हता. तिने आपल्या मोबाइलचं सिमकार्डावरचं इंटरनेट बंद केलं आणि तो मला जोडला. तिथेही चित्र थिजलं. मग तिने कंपनीला फोन लावला. "बाकी सगळं उघडतं, व्हिडिओ तेवढा अडकतो. सिमकार्डावर चालतो, राउटरवर नाही." कंपनीतल्या बाईंनी तिला माझी नवी वाट जरा वेळ बंद करायला सांगितली. लगेच चित्र धावू लागलं. दोष कुठे आहे ते कळलं. गाठोडी लहानच बांधा, असं पाठवणाऱ्याला आधीच बजावायची सूचना त्यांनी माझ्यात भरली आणि नवी वाट पुन्हा उघडली. संध्याकाळी मुलगा आईजवळ येऊन बसला, पण त्याला मान वर करवेना.

राउटर फार तापतो, त्याला मोकळी हवा लागते, हेही फोनवर कळलं होतं. आईंचा रोजचा वर्ग पुन्हा सुरू होऊन काही महिने झाल्यावर सुनेला ते आठवलं, तशा आई म्हणाल्या, "थांब, मी काढते." त्या फळीपाशी आल्या. उजवा हात सावकाश वर गेला, दोन बोटांनी रुमालाचं टोक पकडलं आणि उचललं.

मित्रांनो, आमची काळजी घ्या, अंगावर धूळ बसू देऊ नका. पण घरातलं कुणी अडचण सांगितली, तर माझे हिरवे दिवे बघून त्याला खोटं पाडू नका. खुर्ची ओढा आणि त्याच्या शेजारी बसा.

आता माझ्या अंगावर पांघरूण नाही. रुमालाची एक कड उसवली होती, ती आई खिडकीशी बसून पुन्हा विणतायत. टाके वाकडे पडतात, पण सुई उजव्या हातात आहे.